लॅपटॉपवर नीट चालणारा यूएसबी इथरनेट ड्रायव्हर जुन्या मिप्स राउटरवर का अडखळतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लातूरच्या डाळ मिलमध्ये वजनकाट्याचा डेटा नेणारा, मिप्स जातीच्या प्रोसेसरवर चालणारा एक जुना राउटर आहे. त्याला दुसरा नेटवर्क पोर्ट हवा होता म्हणून तुम्ही यूएसबी इथरनेट डोंगल लावलं, आणि लिनक्स कर्नलच्या यूएसबीनेटवर (यूएसबी नेटवर्क डोंगलांसाठीच्या सामायिक कोडावर) बसणारा त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिला. डोंगल एका बल्क ट्रान्सफरमध्ये अनेक फ्रेम कोंबून पाठवतं. प्रत्येक फ्रेमपुढं ४ बाइटचं लांबीचं हेडर असतं, आणि फ्रेम विषम लांबीची असेल तर शेवटी भरतीचा एक बाइट. लॅपटॉपवर सगळं सुरळीत. राउटरवर पिंग ठीक, पण मोठी फाइल ओढायला घेतली की सीपीयू १०० टक्क्यांवर जातो आणि वेग कोसळतो. शिवाय मधूनच कर्नल उप्स (आतल्या चुकीचा संदेश) देऊन मरतो. कुणीतरी सांगितलं, ‘सगळीकडं गेट_अनअलाइन्ड लाव’. म्हणजे कुठल्याही पत्त्यावरून सुरक्षित वाचणारं फंक्शन. ते लावूनही काही फरक पडेना.

मी इकडं संभाजीनगरात, चिकलठाण्याला, गेटवेची फर्मवेअरं करतो. जालन्याच्या रोलिंग मिलांत आमचे असेच जुने मिप्स बोर्ड अजून चालू आहेत, कारण बोर्ड बदलायला मिल कोण थांबवणार? त्यामुळं ‘आता सगळं इंटेल नाहीतर आर्म आहे, अलाइनमेंटचा (डेटा कुठल्या पत्त्यावर बसतो त्याचा) विचार कशाला’ हा सल्ला आपल्या भागात तरी उपयोगाचा नाही. (फंक्शनांची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, कर्नलच्या कोडात लगेच सापडतील.)

तुमच्याकडं दोन वेगळे आजार आहेत. हळू होणं हा एक आणि मरणं हा दुसरा. एका औषधानं दोन्ही बरे होणार नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३२ बिटांचा आकडा ज्या पत्त्यावरून वाचायचा, तो पत्ता ४च्या पटीत असावा असं मिप्सच्या साध्या लोड सूचनेचं म्हणणं आहे. नसेल, म्हणजे पत्ता तिरका असेल, तर प्रोसेसर अ‍ॅड्रेस एरर अपवाद उठवतो, म्हणजे काम थांबवून कर्नलला हाक मारतो. लिनक्स कर्नल तो अपवाद पकडतो, कुठली सूचना होती ते उलगडतो, तेच वाचन तुकड्यातुकड्यानं स्वतः करून देतो आणि कोडला पुढं जाऊ देतो. म्हणजे उत्तर बरोबर येतं, फक्त एका सूचनेच्या जागी अपवादाचा अख्खा फेरा होतो. लॅपटॉपचा एक्स८६ प्रोसेसर हेच काम हार्डवेअरमध्ये गुमान करून टाकतो, तुम्हाला कळतही नाही. म्हणून ‘लॅपटॉपवर चालतंय’ हा या बाबतीत पुरावाच नव्हे.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजा. कर्नलमध्ये डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींतून दाखवणारी सोय) चालू असेल तर त्याच्या मिप्स फोल्डरात अनअलाइन्ड_इन्स्ट्रक्शन्स नावाची फाइल मिळेल. त्यात आजवर असे किती अपवाद हाताळले त्याचा आकडा असतो. फाइल ओढण्याआधी एकदा वाचा, नंतर एकदा वाचा आणि फरक काढा. यूजरस्पेसमधले (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांचे) अपवादही त्यातच मोजले जातात, म्हणून नुसता आकडा न बघता फरक बघायचा. शेजारीच अनअलाइन्ड_अ‍ॅक्शन आहे. त्यात २ लिहिलं की प्रत्येक अपवादाला रजिस्टरांची छपाई होते. लॉगचा पूर येईल, क्षणभरच चालू ठेवा. त्या छपाईतल्या ईपीसी ओळीत (अपवाद कुठल्या सूचनेवर आला ते सांगणाऱ्या) कुठल्या फंक्शनची नावं येतात ते बघा. माझा अंदाज असा की बहुतेक ओळी तुमच्या ड्रायव्हरच्या नसतीलच. आयपीचं हेडर तपासणारं फंक्शन, टीसीपीचं रिसीव्ह आणि कनेक्शन ट्रॅकिंग हीच नावं दिसतील.

म्हणूनच सगळीकडं गेट_अनअलाइन्ड लावून काही झालं नाही. वाचन अडखळतंय ते तुमच्या कोडात कमी, तुम्ही पुढं दिलेल्या पॅकेटवर जास्त. नेटवर्क स्टॅक गृहीत धरतो की आयपी हेडर ४च्या पटीतल्या पत्त्यावर आहे. नुसता हेडरचा चेकसम घ्यायचा म्हटलं तरी २० बाइट म्हणजे पाच शब्द वाचले जातात. मग दोन्ही आयपी पत्ते, टीसीपीचा सीक्वेन्स, अ‍ॅक, नॅटची (पत्ते बदलण्याची) उलथापालथ. एका पॅकेटमागं कितीतरी अपवाद. स्टॅकचं गृहीतक पाळून पॅकेट हातात देणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे.

आता मूळ गणित. इथरनेट हेडर १४ बाइटचं असतं: दोन मॅक पत्त्यांचे १२ आणि प्रकाराचे २. बफर ४च्या पटीत सुरू केला तर आयपी हेडर १४व्या बाइटवर येतं, आणि १४ला ४नं भागलं की २ उरतात. म्हणून कर्नलमध्ये नेट_आयपी_अलाइन नावाचा स्थिरांक आहे, किंमत २. बफराच्या सुरुवातीला दोन बाइट सोडून द्यायचे की आयपी १६वर जातं. एक्स८६वर हाच स्थिरांक ० ठेवलाय, कारण तिथं तिरक्या वाचनाचा खर्च किरकोळ आणि तिरक्या पत्त्यावर डीएमए (डिव्हाइसनं थेट मेमरीत लिहिणं) करण्याचा खर्च त्याहून महाग. म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यावर तुमच्या बफराची मांडणीसुद्धा एक नाही.

तुमच्या डोंगलमध्ये यावर आणखी एक पीळ आहे. यूएसबीनेट तुम्हाला जो एसकेबी (पॅकेट ठेवायचा कर्नलचा बफर) देतं, त्याचा डेटा या दोन बाइटांच्या सोडीनंतर सुरू होतो, म्हणजे पत्त्याला ४नं भागलं की २ उरतात. तिथं आधी डोंगलचं ४ बाइटचं हेडर. म्हणजे ते हेडर तिरकं. मग फ्रेम ६वर, आणि आयपी ६ अधिक १४, म्हणजे २०वर. सरळ! पिंग चालताना एका ट्रान्सफरमध्ये सहसा एकच फ्रेम असते. त्यामुळं तिथं फक्त तुमच्या हेडरच्या वाचनाला एक अपवाद बसतो आणि बाकी सगळं ठीक दिसतं.

आता फाइल ओढताना काय होतं ते बघा. पूर्ण भरलेली फ्रेम १५१४ बाइटची. पहिली ६वर सुरू झाली, तर १५२०वर संपली. दुसरं हेडर १५२०वर, हे ४च्या पटीत, सरळ. पण दुसरी फ्रेम १५२४वर आणि तिचं आयपी १५३८वर. भागून बघा, २ उरतात. तिसरं हेडर ३०३८वर, पुन्हा तिरकं, आणि तिसऱ्या फ्रेमचं आयपी ३०५६वर, सरळ. म्हणजे पूर्ण फ्रेमांच्या माळेत एकाआड एक पॅकेट वाकडं जातं. मध्येच छोट्या पॅकेटा घुसल्या की हा क्रम विस्कटतो, पण दुखणं तेच. हेडर आणि आयपी यांच्यामध्ये १८ बाइट आहेत, त्यामुळं दोघंही एकाच वेळी सरळ बसणं शक्यच नाही. एकाला सरळ केलं की दुसरं तिरकं होणार. म्हणून बफराची सुरुवात इकडंतिकडं सरकवून हा प्रश्न सुटत नाही, कितीही आकडे बदलून बघा.

तुम्ही प्रत्येक फ्रेमसाठी एसकेबी_क्लोन करून, पुढचा भाग एसकेबी_पुलनं सोडून तोच बफर स्टॅकला देताय. कॉपी वाचवली याचं समाधान मिळतं, पण इथं ती बचत महागात पडते. सरळ मार्ग असा: हेडरमधून लांबी काढा, नेटडेव्ह_अलॉक_एसकेबी_आयपी_अलाइन वापरून त्या लांबीचा नवा एसकेबी घ्या, त्यात फ्रेम कॉपी करा आणि तो वर पाठवा. दोन बाइटांची सोड ते फंक्शन आपोआप देतं, आणि एक्स८६वर देत नाही, कारण तिथं स्थिरांक ०च आहे. एकच कोड दोन्हीकडं चालतो.

‘प्रत्येक पॅकेट कॉपी करायचं?’ हो. १५१४ बाइटांची सलग कॉपी मिप्ससुद्धा भराभर करतो, पॅकेटमागं अपवादांची रांग लावण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त. आणि क्लोनचा एक छुपा तोटा असतो. एखादी छोटीशी फ्रेम सॉकेटच्या रांगेत पडून राहिली तरी तिच्यापायी अख्खा मोठा बफर अडकून राहतो. जुन्या राउटरला मेमरी आधीच बेताची. कर्नलमधला असिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे एएक्स८८७७२ घराण्याच्या डोंगलांचा, हेच करतो. त्याचीही मांडणी तुमच्यासारखीच, ४ बाइटचं हेडर आणि सम लांबीची भरती. तो हेडर गेट_अनअलाइन्ड_एलई३२नं वाचतो आणि फ्रेम नव्या, सरळ एसकेबीत उतरवतो. त्याचं आरएक्स फिक्सअप (आलेल्या बफरातून फ्रेम वेगळ्या करणारं फंक्शन) एकदा शांतपणे वाचून काढा. त्यात २ केच्या ट्रान्सफरांमुळं फ्रेम अर्धी या बफरात, अर्धी पुढच्या बफरात अशीही येते, इतकंच काय हेडरचे दोन बाइट इकडं आणि दोन तिकडं असंही होतं. तुमच्या डोंगलमध्ये तसं होतं का हे नक्की तपासा, कारण क्लोनच्या पद्धतीत ते सांभाळणं बेजार करतं.

तर गेट_अनअलाइन्ड लागतं ते एवढ्याच एका जागी, डोंगलच्या हेडरला, कारण तिथं तिरकेपणा फॉरमॅटमध्येच आहे. सध्या तुम्ही पॉइंटर यू३२ करून वाचता आणि वर एलई३२_टू_सीपीयू लावता. त्यानं बाइटांचा क्रम सांभाळला जातो, अलाइनमेंट नाही. गेट_अनअलाइन्ड_एलई३२ दोन्ही एका दमात करतं, आणि एक्स८६वर त्याचं रूपांतर साध्या एका लोडमध्ये होतं, फुकट. हेडर फाइल मात्र बघून घ्या. पूर्वी ती एएसएमच्या फोल्डरात होती, ६.१२पासून लिनक्सच्या फोल्डरात हलवली आहे. तुमच्या राउटरचा कर्नल जुना असल्यानं लॅपटॉप आणि राउटरवर हा फरक आडवा येऊ शकतो.

मेमकॉपीनं वाचलं तर चालेल का, हे पुढं विचाराल म्हणून सांगतो. चालेल, पण स्रोत यू८ किंवा व्हॉइड पॉइंटर असला तर. आधीच यू३२ पॉइंटरमध्ये कास्ट करून मग ४ बाइटांची मेमकॉपी लिहिली, तर कंपायलर म्हणतो ‘हा पत्ता ४च्या पटीतला असणारच’ आणि तिचं परत एका लोडमध्ये रूपांतर करतो. त्याचं काही चुकत नाही. चुकीच्या अलाइनमेंटचा पॉइंटर बनवणं हेच सी भाषेत नियमाबाहेर आहे.

आता मरणाचा प्रश्न. तुम्ही दाखवलेल्या प्रायव्हेट स्ट्रक्टमध्ये ६ बाइटचा मॅक, एक बाइटचा फ्लॅग, मग लगेच अ‍ॅटॉमिक (मध्ये कुणी न घुसता एका दमात बदलणारा) काउंटर आहे, आणि अख्ख्या स्ट्रक्टला पॅक्ड लावलंय, म्हणजे रकान्यांमध्ये मोकळी जागा सोडू नको असं कंपायलरला सांगितलंय. म्हणजे काउंटर ७व्या बाइटवर. मिप्सवर अ‍ॅटॉमिक वाढवणं हे लोड-लिंक्ड आणि स्टोअर-कंडिशनल या सूचनांच्या जोडीनं होतं. साध्या लोडची नक्कल कर्नल करून देतो, पण या जोडीची तो करत नाही. तुकड्यातुकड्यानं वाचलं तर अ‍ॅटॉमिकपणाच मोडतो, म्हणून तो सरळ हात वर करतो. कर्नलच्या आत हे घडलं की उप्स. मधूनच मरतो असं तुम्हाला वाटतं, कारण तो काउंटर तुम्ही फक्त चुकीची फ्रेम आली की वाढवता.

एक्स८६वर लॉकवाली सूचना तिरक्या पत्त्यावरही चालते, म्हणून लॅपटॉपनं तक्रार केली नाही. तीही कायमची सूट समजू नका. नव्या इंटेल प्रोसेसरांवर स्प्लिट-लॉक (दोन कॅश लाइनींवर पसरलेली लॉकवाली सूचना) ओळखण्याची सोय आहे, आणि असा काउंटर ६४ बाइटांच्या कॅश लाइनीच्या सीमेवर पडला तर तिथंही कर्नल मरेल. इलाज एका शब्दाचा आहे: पॅक्ड काढून टाका. ते स्ट्रक्ट तारेवरून जात नाही, डिव्हाइस ते बघत नाही, मग एखाददुसरा बाइट वाचवून करायचंय काय?

पॅक्डबद्दल माझं मत जरा कडक आहे. नवशिके ते मसाल्यासारखं सगळ्यात घालतात. तारेवरच्या फॉरमॅटला, जिथं रकाने खरोखर तिरके आहेत तिथं, ते योग्य आहे. कंपायलर मग त्या रकान्यापुरतं सुरक्षित वाचन तयार करतो. पण ही माहिती स्ट्रक्टच्या प्रकारात असते, पत्त्यात नाही. त्यातल्या एखाद्या रकान्याचा पत्ता घेऊन तो यू३२ पॉइंटर म्हणून दुसऱ्या फंक्शनला दिला की पॅक्डपणा तिथंच गळून पडतो. जीसीसी कंपायलर ९व्या आवृत्तीपासून याबद्दल इशारा देतं, पण कर्नलचं मेकफाइल तो इशारा मुद्दाम बंद ठेवतं. त्यामुळं तुम्हाला तो दिसला नाही यात नवल नाही.

डीएमएबद्दल थोडक्यात. काही यूएसबी होस्ट कंट्रोलरना, उदाहरणार्थ डीडब्ल्यूसी२ला, ४च्या पटीतलाच बफर लागतो. तसा नसेल तर होस्टचा ड्रायव्हर मधे स्वतःचा बफर घेऊन आणखी एक कॉपी करतो. तुमच्या राउटरवर तोच कंट्रोलर असेल, तर येणाऱ्या ट्रान्सफरच्या बफराला दोन बाइटांची सोड नको असं यूएसबीनेटला इव्हेंट_नो_आयपी_अलाइन या बिटानं सांगता येतं. फ्रेम तुम्ही नाहीतरी नव्या एसकेबीत उतरवणार आहात, मग त्या सोडीचा उपयोग उरत नाही.

मिलची लाइन पीपीपीओई (लॉगिन करून जोडणारी ब्रॉडबँडची पद्धत) असेल तर घाबरू नका. त्याचे ८ बाइट मध्ये आले तरी १४ अधिक ८ म्हणजे २२, वर सोडीचे २, झाले २४. व्हीलॅनचे ४ आले तरी तसंच. व्हीएक्सलॅनसारखा बोगदा मात्र आत पुन्हा १४ बाइटचं इथरनेट हेडर आणतो, त्यामुळं बाहेरचं आयपी सरळ असलं की आतलं तिरकं पडतं. त्यात तुमच्या ड्रायव्हरचा दोष नाही.

आणखी एक. यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरांसाठीचं लिनक्स) टाकून बघा असं कुणी सुचवेल. त्यांच्या एथ७९ टार्गेटमध्ये (काही मिप्स राउटरांसाठीच्या बांधणीत) स्टॅकच्या हेडरांनाच तिरकं वाचन सोसणारे पॅच मारलेले आहेत. तिथं तुमचा ड्रायव्हर कदाचित आहे तसाच बरा चालेल, आणि चूक झाकली जाईल. तुम्ही मूळ कर्नल स्वतः बांधून चालवताय हे बरंच आहे.

राउटरवर दरवेळी नवीन मॉड्यूल चढवून तपासणं कंटाळवाणं आहे, म्हणून बरीचशी तपासणी लॅपटॉपवरच उरका. हेडर वाचून फ्रेम वेगळ्या करणारा भाग कर्नलच्या कुठल्याही गोष्टीला न चिकटणारं साधं फंक्शन म्हणून लिहा: आत बाइटांची रांग आणि लांबी, बाहेर प्रत्येक फ्रेमची जागा आणि आकार. ते यूजरस्पेसमध्ये जीसीसीच्या एफसॅनिटाइझ अलाइनमेंट पर्यायानं बांधा. एक्स८६वरसुद्धा प्रत्येक तिरक्या वाचनाची ओळ तो छापतो. बांधताना डब्ल्यूकास्ट-अलाइन स्ट्रिक्टवर ठेवा, साध्या रूपात ते एक्स८६वर गप्प बसतं. इनपुट म्हणून ६०, ६१, ६२, ६३ आणि १५१४ लांबीच्या फ्रेमा वेगवेगळ्या क्रमानं द्या, आणि बफराची सुरुवात ०, १, २, ३नं सरकवून तेच पुन्हा चालवा. लांबी खोटी सांगणारं हेडरही द्या. तार सैल असली की डोंगल काय वाट्टेल ते पाठवतं, आणि तपासणी न करता त्या लांबीवर भरवसा ठेवला तर अलाइनमेंटपेक्षा मोठं दुखणं उभं राहील.

हे झालं की राउटरवर काउंटरचा फरक परत काढा. तुमच्या वाटेवरचे अपवाद संपलेले दिसायला हवेत. तरीही फाइल ओढताना आकडा चढत राहिला तर अनअलाइन्ड_अ‍ॅक्शनमध्ये क्षणभर २ टाका, आणि ईपीसीच्या ओळी आणि कर्नलची आवृत्ती इथं टिप्पणीत चिकटवा.